ह्या सूत खयचा?

मुंबईहून परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर बसले होते आणि समोर दादा बसला होता, दोन्ही हात पुढे धरून. त्याच्या हातांत सुती दोऱ्याची लडी अडकवलेली होती आणि मी तिचा गुंडा करत होते. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या तरी हे काम होतं. पण दोरा ओढला की हात किंचित झुकवायचा, अडला की सैल सोडायचा, हे खुर्चीला कुठून येणार? दादाला ते येतं. दादा माझा चुलत भाऊ, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा. १९७६ साली अठराव्या वर्षी आचऱ्याहून मुंबईला गेला, गिरणीत बदली कामगार म्हणून लागला, त्रासन खात्यात सूत कातलं आणि १९८२ च्या संपानंतर गावी परतला तो कायमचा.

"काय गो," तो म्हणाला, "चार दिस मुंबयत होतंस. बघलंस काय?"

मी खरं तेच सांगितलं. नणंदेकडे दादरला उतरले होते. एक सकाळ चौपाटीवर गेली, एक संध्याकाळ नातेवाइकांकडे. बाकीचा वेळ लोकरीची आणि क्रोशाच्या दोऱ्याची दुकानं पाहिली. एकूण पाच.

"दुकाना?" त्याचे हात खाली आले आणि लडी सुटता सुटता राहिली. "दुकाना बघूक रात्रभर तुतारी गाडयेत बसलंस? हयसर टपालान येता मां सगळा!"

आमचं बोलणं घरात मालवणीतच होतं. माझं बोलणं मी इथे पुस्तकी मराठीत लिहिते आहे. दादाचं मात्र जमेल तितकं जसंच्या तसं. वाद तापला की तोही मालवणी सोडतो आणि संपाच्या काळात गेटसभांमध्ये ऐकलेल्या मराठीत बोलू लागतो. त्यावरून मला कळतं की आता त्याला बोलणं मनापासून लागलं आहे.

टपालाचं मी त्याला आधी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी दुपट्यासाठी घरबसल्या आठ गुंडे मागवले होते. पडद्यावर निळा दिसला तो हातात आला तेव्हा जांभळट होता. तेही चाललं असतं. पण आठांतले दोन वेगळ्या लॉटचे निघाले. रंगाचं नाव तेच, क्रमांक तोच, फक्त रंगवायची खेप वेगळी. विणताना कळलं नाही. दुपटं पुरं करून उन्हात पसरलं तेव्हा मधोमध पट्टा उठून दिसला. उसवायचं तर तीन आठवड्यांचे खांब उसवायचे. ते दुपटं मी कुणाला दिलं नाही.

"म्हणून पाच दुकाना?"

"पाच नव्हे. चार नुसती पाहिली. पाचव्यात बसले."

ते पाचवं दुकान दादर पश्चिमेला एका गल्लीत आहे. दारात तीन माणसं उभी राहिली की चौथ्याला वाट नाही. आत मात्र भिंतभर खण: खाली लोकरीच्या लड्या, वर क्रोशाचे गुंडे, नंबराप्रमाणे लावलेले. आठ, दहा, वीस, चाळीस. कोपऱ्यात दोन मोडे ठेवलेले. मला आमच्या भाचसुनेच्या बाळंतविड्यासाठी टोपडं, मोजे आणि कुंची करायची होती. मी पिवळी बेबी वूल मागितली. गल्ल्यावरच्या बाईंनी लडी काढली, पण हातात दिली नाही.

"बाळ कुठे असणार?"

"आचऱ्याला. मालवणजवळ."

"तिकडे शेक-शेगडी करता ना अजून?"

"करतो."

त्यांनी ती लडी परत खणात ठेवली. मग कात्रीने तीन तुकडे कापले, चिमट्यात धरून एकेकाला काडी लावली. पहिला तुकडा त्या बेबी वूलचा, म्हणजे अॅक्रिलिकचा. तो पेटला तसा वितळला आणि टोकाला काळा कडक मणी राहिला. दुसरा सुताचा. त्याला कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटांत भुरभुरणारी राख उरली. तिसरा खऱ्या लोकरीचा. केस जळल्याचा वास आला आणि ज्योत बाजूला घेताच तो आपोआप विझला. "वितळलेलं कातडीला चिकटून बसतं," त्या म्हणाल्या. "शेगडीजवळ निजणाऱ्या बाळाला हे घालू नका. सूत न्या." त्यांच्याकडे बेबी वूल महाग होती आणि सूत स्वस्त.

दादा गप्प झाला होता. मग म्हणाला, "तां तिना बरा केल्यान."

हे मला टपालाने कोण सांगणार होतं? कोकणात आपण लोकर वर्षाचे किती दिवस अंगावर घालतो? पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि पेटीत कसर लागते. म्हणून आपल्याकडे अॅक्रिलिक आलं आणि सगळ्यांना सोयीचं वाटलं. धुतलं की वाळतं, किडा खात नाही, रंग जात नाही. माझ्या आईपासून आम्ही सगळ्यांनी गावातल्या बाळांना त्याचीच टोपडी घातली. शेगडीचं कुणाच्या मनात आलं नाही. तीस वर्षं विणते आहे मी, आणि ही गोष्ट मला एका परक्या बाईने एका दुपारी शिकवली, कारण तिने आधी विचारलं की बाळ कुठे असणार.

गुंडा हाताएवढा झाला होता. दादाने मान वळवून पाहिलं.

"ह्या किती नंबराचा?"

"वीस."

"वीस म्हणजे काय ता विचारलंस तिका?"

मला एवढंच माहीत होतं की नंबर वाढला की दोरा बारीक. दादा हसला आणि मग हसणं थांबवून सांगू लागला. इथून त्याची मराठी बदलली.

"आठशे चाळीस यार्डांची एक लडी. अशा वीस लड्या मिळून एक पौंड भरलं तर ते वीसचं सूत. चाळीस लड्या भरल्या तर चाळीसचं. वजन तेच, लांबी वाढली, म्हणजे धागा बारीक. तुझ्या क्रोशाच्या गुंड्यावरचा आकडा अगदी त्याच हिशेबाचा नसेल, त्याला पदर असतात, पण चाल तीच. आम्ही साच्यावर जायचं सूत काढत होतो. चाळीसच्या वर गेलं की धागा सारखा तुटायचा. तुटला की चालत्या चात्यावर हात घालून सांधायचा, साचा थांबवायचा नाही. आठ तास दोन रांगांमधून चालायचं. हवा कोरडी झाली की धागे जास्त तुटतात, म्हणून खात्यात पाण्याचा फवारा मारून दमट ठेवायचे. मुंबईत गिरण्या आल्या त्याचं एक कारण तिची दमट हवाच होती. आपल्यासारखी. बाहेर आलो की केसांत, भुवयांत कापसाचं तूस. खोलीवर आमच्या गावचेच सगळे. ते म्हणायचे, म्हातारा आला."

मी त्याला कधी हे विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने सांगितलंही नव्हतं.

"आता माझं ऐक," तो म्हणाला. "१८५४ साली दावर शेटने मुंबईत पहिली सूतगिरणी काढायचं ठरवलं तेव्हापासून सव्वाशे वर्षं त्या शहरात सूत कातलं जात होतं. कातणारे कोण? रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, आणि आपण. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. तो संप कुणी मागे घेतला नाही. संपला असं कुणी जाहीरही केलं नाही. लोक एकेक करून गावी गेले. लोअर परळला फिनिक्स गिरणी होती, तिथे आज मॉल आहे. तू त्या शहरात सूत बघायला गेलीस. पण सूत कातणारा माणूस तुला दिसला का कुठे? तू विकणारा बघितलास. खणात लावलेलं, नंबर चिकटवलेलं सूत बघितलंस. म्हणून म्हणतो, दुकान बघणं म्हणजे सूत बघणं नव्हे."

लडी गुंतली होती. आम्ही दोघांनी मिळून ती सोडवली.

मला त्याचं पटलं नाही, आणि का पटलं नाही हे मी त्याला नीट सांगायचा प्रयत्न केला. गिरणी बघायची तर मी कुठे जाऊ? फाटकं बंद, नाहीतर आत कचेऱ्या. काळाचौकीच्या गिरणीत वस्त्रसंग्रहालय करायचं असं मी बरीच वर्षं ऐकते आहे. आणि समजा गिरण्या चालू असत्या, तरी मला, आचऱ्याच्या बाईला, त्रासन खात्यात कुणी सोडलं असतं का? दादाची मुंबई दादाला दिसली. मला ती कधीच उघडी नव्हती. मला जी मुंबई उघडी आहे ती त्या मोड्यावरची. राणीच्या बागेत मी गर्दीतली एक असते. संग्रहालयात तिकीट काढून पुढे सरकते. त्या दुकानात मात्र मला कुणीतरी विचारलं, काय करताय, कुणासाठी करताय. शेजारच्या मोड्यावर डोंबिवलीहून आलेली एक बाई होती. तिच्या चौकोनाच्या कोपऱ्यावर फुगा येत होता. मी तिला दाखवलं की कोपऱ्यात साखळ्या दोनच घे, तीन नको, आणि खांब मोज. तिने मला मुका खांब घट्ट न होऊ देता धागा बोटावर कसा फिरवायचा ते दाखवलं. आम्ही एकमेकींचं नावही विचारलं नाही. शहरात बाई काही न खाता, कुणाची वाट न बघता तासभर बसू शकते अशा जागा किती आहेत?

"देवळात बसता येता," दादा म्हणाला.

"देवळात हातात सुई घेऊन बसले तर पुजारी काय म्हणेल?"

"रामेश्वराच्या देवळात कोण काय म्हणना नाय," तो म्हणाला, आणि हे त्याचं खरं आहे. रामनवमीला आमच्याकडे गाणं बसतं तेव्हा मागे खांबाला टेकून वाती वळणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. कापूस पिंजायचा, बोटांवर ओढायचा, तळहातावर वळायचा. कुणी टकळीवर जानव्याचं सूत कातायची. तेही सूतच.

दादा इथे सुटला. "मग गावात सूत नव्हतं का? मावशी सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने पुरून ठेवायची. कुजली की बडवून काथ्या काढायची आणि मांडीवर सुंभ वळायची. दोन धागे एका बाजूला पिळायचे, मग दोन्ही मिळून उलट्या बाजूला. उलटा पीळ दिला की सुटत नाही. गिरणीत दोन पदरी सुताला तेच करत होते, फक्त यंत्राने. रापणीची जाळी सुताची होती. दर खेपेला सुकवायची, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायची, नाहीतर कुजायची. आता सगळं नायलॉनचं, विकतचं. सुंभ विकतचा. आणि तू म्हणतेस मी सूत आणायला मुंबईला गेले, आणि त्यात तुला आनंद वाटतो."

इथे मी त्याला अडवलं. नायलॉनची जाळी आली तेव्हा गाबतांच्या घरातल्या बायकांना वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही. मावशीच्या मांडीला घट्टे पडले होते. मी ते पाहिले आहेत. काथ्याचा वास तिच्या हातांना आयुष्यभर होता. आपल्या आठवणीत ते काम गोड झालं आहे, कारण ते आपण केलेलं नाही. मी क्रोशा करते ती पोटासाठी नाही. म्हणून मला त्यात रंग निवडता येतो, आवडलं नाही तर उसवता येतं. मावशीला सुंभ उसवता येत नव्हता, तो दुसऱ्या दिवशी विकायचा असे. पण पोटासाठी नसलं तरी ते मी मागे ठेवत नाही. मागच्या गावपळणीला सगळं गाव बाहेर पडलं आणि आम्ही तीन दिवस वेशीबाहेर झोपडीत राहिलो, तेव्हा तांदूळ, भांडी, कोंबड्या, गुरं सगळं घेऊन निघालो. त्या गडबडीत मी पिशवीत एक गुंडा आणि सुई टाकली. दादाने ते तेव्हाही पाहिलं होतं.

"तां मी बघलंय," तो म्हणाला. "तिसऱ्या रात्री तुझ्या शेजारी पोरी बसलेल्यो. तां माका बरा वाटला."

मग मी जरा पुढे गेले. भाची लंडनला असते. ती सुट्टीत शेटलंड बेटांवर गेली होती, फक्त लोकरीसाठी. तिकडे लोक सुट्टीचा बेतच असा आखतात. कुठल्या शहरात कुठलं दुकान, ते आधी ठरवतात आणि मग राहायची जागा शोधतात. तिने मला एक लडी पाठवली, न रंगवलेली, तपकिरी. त्या मेंढीचाच तो रंग. पांढरा, करडा, काळा असे कितीतरी रंग मेंढीच्या अंगावरच असतात तिथे.

मला वाटलं होतं हे ऐकून दादा हरेल. तो उलट सरसावून बसला.

"बघ. तिथे मेंढी त्या बेटावरची. लोकर त्या बेटावरची. विणणारी तिथली. दुकान त्या सगळ्याच्या टोकाला आहे. आत शिरलीस की मागे डोंगरात मेंढी चरताना दिसते. तुझ्या दादरच्या दुकानाच्या मागे काय दिसतं?"

मी काही बोलले नाही.

"आपल्या घाटावर दख्खनी मेंढ्या नाहीत का?" तो पुढे म्हणाला. "काकांची घोंगडी आठवते? चिंचोक्याची खळ दिलेली, पावसात डोक्यावर घेतली की पाणी आत येत नसे. ती कोल्हापूरकडून यायची. आज मेंढपाळाला लोकर कातरायची मजुरीसुद्धा त्या लोकरीतून सुटत नाही, म्हणतात. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या जत्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात. ती बघायला गेलीस कधी? तिथे जा. तिथे सूत दिसेल तुला."

दख्खनी लोकर टोपड्याला चालणार नाही. ती जाडी, टोचरी, घोंगडीलाच बरी. हे मी त्याला सांगितलं आणि ते खरंही आहे. पण सांगताना मला कळत होतं की त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. दुकानावर पाटी असते 'लोकर' म्हणून. आत नव्वद टक्के अॅक्रिलिक असलं तरी आपण त्याला लोकर म्हणतो, आणि मेंढीला विसरतो. ती गल्ल्यावरची बाई सोडली तर मला तो फरक कुणी दाखवला नव्हता. तिने तीन धागे जाळून दाखवले, तेवढी एक वाट त्या दुकानातून मागे, कापसाकडे आणि मेंढीकडे, जाते. माझ्या मते ते पुष्कळ आहे. दादाच्या मते ती नुसती सुरुवात.

मला मुंबईची ती दुपार पुन्हा हवी आहे, आणि पुढच्या वर्षी मी जाणार आहे. पुण्याला गेले तर तुळशीबागेच्या गल्ल्यांतही हिंडणार आहे. हे मी दादाला स्पष्ट सांगितलं. शहरात गेल्यावर माणसाने समुद्र आणि इमारती बघाव्या असं कुणी ठरवलं? समुद्र मला इथे पिरावाडीला रोज दिसतो.

"जा. मी नको म्हणतंय काय?" तो म्हणाला. "मी इतक्याच म्हणतंय, जाशीत तेव्हा विचार."

"काय विचारू?"

लडी संपत आली होती, त्याच्या मनगटांवर चारसहा वेढे उरले होते. त्याने डोळ्यांनीच ओट्यावर पडलेली कागदी पट्टी दाखवली. मी गुंडा बाजूला ठेवून ती उचलली. वजन होतं, शंभर ग्रॅम. रंगाचा क्रमांक, लॉटचा क्रमांक. मी सहाही लड्यांच्या पट्ट्या ताडून घेतल्या होत्या, सगळ्या एकाच लॉटच्या. गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. किंमत. विकणाऱ्या कंपनीचा पत्ता.

"वाच मोठ्यान."

मी वाचलं.

"ह्या सूत खयचा?" दादाने विचारलं. "खयच्या गावात कातला?"

मी पट्टी उलटी करून पाहिली. मागची बाजू कोरी होती.

"विचारीन तिला," मी म्हणाले.

"विचार," तो म्हणाला आणि उरलेल्या वेढ्यांसाठी हात थोडे वर धरले.